ग्रंथालयापुढची मुकी मिरवणूक

आमच्या विद्यापीठात एक म्हसोबा आहे. संख्याशास्त्र विभागाच्या सायकल स्टँडमागे, कडुनिंबाखाली तो बसलेला असतो. अंगभर शेंदूर आणि डोळ्यांच्या जागी चांदीच्या दोन टिकल्या. मी भूशास्त्र शिकवते, त्यामुळे तो दगड कोणत्या प्रकारचा आणि साधारण किती जुना, हे मला ठाऊक आहे. घरी मात्र हे बोलायची सोय नाही. एकदाच बोलले होते, तर आईनं माझ्यापुढचं वाढलेलं ताट उचलून परत स्वयंपाकघरात नेलं.

पाहुण्यांना हा म्हसोबा कुणी दाखवत नाही. त्यांना दगडी मुख्य इमारत दाखवतात, तिचा मनोरा दाखवतात, खालच्या भुयाराची गोष्ट सांगतात. ते भुयार म्हणे थेट नदीपर्यंत जातं. सांगणाऱ्यांपैकी कुणीही त्यातून नदीपर्यंत गेलेला मला अजून भेटलेला नाही. सुट्टीच्या सकाळी वारसाफेरीला येणारी मंडळी हे सगळं माना डोलावत ऐकतात, वडाच्या पारंब्यांपाशी फोटो काढतात, कँटीनमध्ये पोहे खातात आणि घरी जातात. माझं काही म्हणणं नाही. मनोरा मलाही आवडतो. पण या आवारात जिवंत म्हणावी अशी परंपरा एकच आहे आणि ती वर्षातून एकदा बाहेरून, फाटकातून आत येते. याबाबतीत माझ्याशी वाद घालायला कुणी सहसा येत नाही.

आमचं गाव विद्यापीठाच्या भिंतीला लागून आहे. गाव म्हणजे आता एक बसथांबा, एक कमान आणि तिच्यामागे बिल्डरांनी दाटीवाटीनं उभ्या केलेल्या इमारती. त्यांतल्याच एकीत, आमच्याच जागेवर, आमचे फ्लॅट आहेत. विद्यापीठ आलं तेव्हा गावाची बरीच शेतं आवारात गेली. माझ्या आजोबांची ज्वारी जिथे उभी असायची, तिथे आज रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. शेतांबरोबर शेताच्या बांधावरचा म्हसोबाही आत गेला. त्याला बाहेर आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण देव आपली जागा सोडत नाही. मग चैत्रातल्या जत्रेला गावच आत जायला लागलं.

पहिल्या वर्षाची हकिगत मी आजोबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की ती मला पाहिल्यासारखीच वाटते. देवाची काठी घेऊन मिरवणूक निघाली. काठी म्हणजे उंच वेळू, शेंड्याला तांबडं फडकं आणि घुंगरं. पुढे सनई, हलगी, ढोल. फाटकातून आत, चिंचेच्या झाडापाशी वळण घेऊन ग्रंथालयासमोरून म्हसोबाकडे, हीच वाट, तेव्हाही आणि आजही. चिंचेपाशी एक प्राध्यापक धावत आले. धोतर, कोट, डोक्यावर काही नाही. ग्रंथालयाच्या खालच्या दालनात तेव्हा परीक्षा व्हायच्या. ते मिरवणुकीच्या आडवे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"आत मुलं पेपर लिहितायत हो," ते म्हणाले.

आजोबा काठी धरून पुढे होते. ते म्हणाले, "आन् आमचा देव?"

"देवाला जा. पण एवढ्या तुकड्यात वाजवू नका. आज आमची मुलं लिहितायत, उद्या तुमचीही लिहितील."

"आमची? आमची कवा?"

 प्राध्यापक तसेच हात जोडून उभे राहिले. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं आणि हात वर केला. वाद्यं थांबली. कुणी कुणाला काही लिहून दिलं नाही, कुठे सही झाली नाही. चिंचेपासून म्हसोबापर्यंत गाव न वाजवता गेलं, आणि त्यानंतर दर वर्षी तसंच गेलं.

ही शांतता नुसती वाद्यांची नव्हे. चिंचेपाशी आलं, की ढोलाचं टिपरू कमरेला खोचलं जातं. काठीच्या घुंगरांवर फडकं गुंडाळतात. बायका हातातल्या बांगड्या पदरात धरतात. लहान मुलांच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा कोंबतात. तो विरघळेपर्यंत म्हसोबा येतो, असा हिशेब आहे, आणि हिशेब बरोबर आहे. म्हसोबाशी मग काय वाजवायचं ते वाजवतात, कारण तो बराच लांब पडतो. परतताना गूळखोबऱ्याचा प्रसाद ग्रंथालयाच्या काउंटरवर ठेवला जातो. वाचणारी मुलं येता-जाता तोंडात टाकतात. दुसरा नैवेद्य घरी असतो, त्यात रस्सा असतो, आणि त्याचं आमंत्रण माझ्या विभागातले सहकारी कधीही चुकवत नाहीत.

आणि शेवटचा भाग घरचा. काठी परत आली, की घरातला वडीलधारा माणूस उंबऱ्यात काठीवाल्याच्या पायांवर कोमट पाणी घालतो. आधी हे आजोबा करायचे. नंतर काठी दादांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आली. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी ती माझ्या भावाला दिली आणि पाण्याचं काम स्वतःकडे घेतलं. फ्लॅटमध्ये नळाला गरम पाणी येतं. पण दादा ते चालवून घेत नाहीत, गॅसवर पातेलंच ठेवतात.

लहानपणी मी खडीसाखर चघळत त्या खिडक्यांकडे पाहत जायचे. सगळेच पाहायचे, त्यात विशेष काही नाही. पण मला वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत वेणी घातलेली एक मुलगी दिसायची. म्हणजे एकाच वर्षी दिसली असेल, पण माझ्या डोक्यात ती कायमची तिथे बसली. तिनं आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. अख्खं गाव आपल्यासाठी गप्प बसून चाललंय आणि ही बया मान वर करत नाही, याचा मला भयंकर राग आला होता. त्या रागातच मी ठरवलं, की मला तिथे बसायचं आहे.

बसलेही. गावातून विद्यापीठात शिकायला गेलेली पहिली मुलगी मी. एम.एस्सी.च्या परीक्षेच्या दिवसांत जत्रा आली, तेव्हा मी वरच्या मजल्यावर, त्याच खिडकीत होते. खालून ढोल ऐकू आले, चिंचेपाशी थांबले आणि मग फक्त चपलांचा आवाज राहिला. मला मान वर करायची नव्हती. पण केली. दादा काठी घेऊन खालून चालले होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण बरोबर माझ्या खिडकीखाली त्यांनी काठी वाकवली आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मला चांगले मार्क मिळाले.

पुढे एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, तारा व्हत्या तिथं." खरंच होत्या. विजेच्या तारा रस्त्यावरून खूप खालून गेल्या होत्या आणि काठी वाकवल्याशिवाय जाताच येत नव्हतं. मी बराच काळ स्वतःवरच हसत होते. नंतर त्या तारा जमिनीखालून नेल्या, खांबही काढले. काठी मात्र त्या खिडकीखाली आली की अजून वाकते. आधी दादा वाकवायचे, आता भाऊ वाकवतो. याबद्दल मी पुन्हा काही विचारलं नाही. काही गोष्टी विचारून घालवू नयेत एवढी अक्कल मला शिक्षणाच्या आधीपासूनच होती.

एवढं सगळं सांगितलं, कारण गेल्या चैत्रात हे मोडायला आलं होतं.

आमच्याकडे आवाराच्या परंपरा जपण्यासाठी एक समिती निघाली. मी तिच्यावर होते, कारण मी जुनी आहे आणि मोठ्यानं बोलते. अध्यक्ष माझे समाजशास्त्रातले सहकारी, अत्यंत सज्जन माणूस. मिरवणुकीचा विषय निघाल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मॅडम, मला हे फार खुपतं," ते म्हणाले. "ज्यांची जमीन घेतली, त्यांनाच आपण इतकी वर्षं गप्प बसवतोय. आता परीक्षाही तिथे होत नाहीत. यंदापासून त्यांना सन्मानानं वाजवत येऊ द्या. आपण तसं जाहीर करू."

"आम्हाला कुणी गप्प बसवलेलं नाही," मी म्हणाले. "आम्ही गप्प बसतो."

"आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे. आपण आतल्या आहात ना."

आतल्या म्हणजे विद्यापीठाच्या की गावाच्या, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मला त्या क्षणी जे सुचलं ते बैठकीत बोलण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की गावाला विचारल्याशिवाय ठरवू नका. तर ते प्रसन्न हसले. गावाला आधीच विचारलं होतं. गावानं आनंदानं होकार दिला होता.

गाव म्हणजे कोण, ते मला घरी जाताना जिन्यातच कळलं. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, उड्या मारत खाली येत होता. हा हिंजवडीत एका कंपनीत कॉम्प्युटरच्या नेटवर्कचं काम बघतो आणि उरलेल्या सगळ्या वेळात गावाचं ढोलपथक चालवतो.

"आत्या, परमिशन मिळाली. ऑफिशियल. फुल रूट वाजवायचा. चिंचेपाशी थांबायचं नाही, काही नाही."

"दादांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. ते काही बोललेच नाहीत. म्हणजे ओके आहे."

दादा काही बोलले नाहीत म्हणजे काय, हे कळायला अजून त्याला काही उन्हाळे लागतील. मी वर गेले. दादा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी विचारलं, आणि मग सरळ म्हणाले, "यंदा म्या येणार न्हाई. आन् परत आल्यावर पाणीबी घालणार न्हाई. कुणाला घालायचं असंल त्यानं नळाखाली धरावेत पाय."

"दादा, पोरांची हौस आहे."

"हौशीला म्या कुटं न्हाई म्हणतोय? गावभर वाजवा. आबांनी, तुझ्या आजोबांनी, शब्द दिलावता त्या मास्तरला. तो मास्तर गेला, आबा गेले. शब्द दोघांच्या मागं उरलाय. तो म्या मोडायचा का?"

पायांवर पाणी पडल्याशिवाय आमच्याकडे जत्रा संपत नाही. ते पाणी दादांनी नाकारलं, तर भाऊ काठी घेऊन दारात उभा राहील आणि दार उघडणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. दादा ऐंशीच्या पुढे गेलेले आहेत. हा दुरावा भरून काढायला पुढची जत्रा मिळेलच, असं समजून चालणं शहाणपणाचं नव्हतं.

मी चिडले. समितीवर चिडले, भाच्यावर चिडले, आणि खरं सांगायचं तर दादांवरही चिडले, कारण त्यांचं बरोबर होतं. पण चिडून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. भाच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त शब्द आहेत आणि त्यांतले निम्मे इंग्रजी. शनिवारी सकाळी मी त्याला म्हणाले, चल, जरा माझ्याबरोबर ग्रंथालयात, थोडी पुस्तकं उचलायची आहेत.

तेव्हा कळलं, की हा कधी आतच गेलेला नाही. जन्मापासून दर वर्षी त्या इमारतीवरून गेला, तिच्यासाठी खडीसाखर चघळली, पण तिच्या पायऱ्या चढला नाही. त्यानं इंजिनिअरिंग दुसऱ्या कॉलेजात केलं, आणि तिथलं ग्रंथालयही त्यानं पाहिलं असेल अशी माझी समजूत नाही.

वरच्या मजल्यावर एकही खुर्ची मोकळी नव्हती. परीक्षा तिथे होत नाहीत हे खरं, पण स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं वर्षभर तिथेच असतात. पाण्याच्या बाटल्या, स्टीलचे डबे, खुर्च्यांच्या पाठीला अडकवलेल्या सॅक. माझ्या खिडकीत एक मुलगी बसली होती, केस घट्ट बांधलेले, बोटांना निळी शाई. भाच्यानं चारी बाजूंना पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वायफाय चांगलं आहे इथलं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रिंगटोन अर्थातच ढोलाचा. सगळ्या दालनात तो घुमला. कुणी काही बोललं नाही, पुण्यात असं काही घडल्यावर कुणी बोललं नाही हेच नवल. त्या खिडकीतल्या मुलीनं फक्त मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. खूप दमलेल्या माणसाकडे आणखी एक काम आल्यावर तो जसा बघतो, तसं. भाचा फोन छातीशी दाबून बाहेर पळाला. मी मागून गेले, तर तो जिन्यात उभा होता.

"तिचा पेपर कधी असतो?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? विचार जाऊन."

तो गेला नाही.  मला त्याला व्याख्यान द्यायचं होतं, तयारही होतं, आजोबा, मास्तर, शब्द, सगळं. पण मी जिना उतरले आणि त्याला कँटीनमध्ये चहा पाजला. पथकाच्या सरावाबद्दल तो जे काही सांगत होता ते ऐकून घेतलं. मुलांना नवीन ताल बसवला होता, त्यात ताशाचा एक तुकडा फार सुंदर पडायचा म्हणे. तो टेबलावर बोटांनी वाजवूनही दाखवला. चांगला होता, हे मी मान्य केलं.

जत्रेच्या दिवशी दादा खरंच आले नाहीत. मी मिरवणुकीबरोबर गेले नाही. का, ते सांगते. वाजवत जाणाऱ्या मिरवणुकीत मला चालायचं नव्हतं आणि न चालता घरी बसायचंही नव्हतं. म्हणून मी ग्रंथालयात गेले. खिडकीतली मुलगी तिथेच होती. माझ्याकडे पाहून ती जरा सरकली आणि मी तिच्या शेजारी खिडकीशी उभी राहिले.

"आज इथून मिरवणूक जाणार आहे," मी हळूच म्हणाले. "वाजवत. त्रास होईल."

"होऊ दे मॅडम," ती म्हणाली. "उद्या पेपर आहे. आज काही डोक्यात शिरतच नाहीये."

फाटकापाशी ढोल सुरू झाले. मी खोटं बोलणार नाही, ते फार सुंदर वाजत होते. खिडकीची काच थरथरली. दालनातल्या माना एकेक करत वर झाल्या. कुणी कानात बोळे घातले, कुणी पुस्तक मिटलं. आवाज चिंचेकडे सरकत होता आणि नवीन ताल चढत होता. भाच्यानं टेबलावर वाजवून दाखवलेला ताशाचा तो तुकडा आता येणार, हे मला कळत होतं. समितीचे अध्यक्ष खाली पायऱ्यांवर हार घेऊन उभे होते, डोळे भरून आलेले.

मिरवणूक चिंचेपाशी आली. भाचा पथकाच्या पुढे होता, पाठ रस्त्याकडे, तोंड मुलांकडे. तो मागे वळला. त्यानं ग्रंथालयाकडे पाहिलं, वर, खिडक्यांकडे. शेजारची मुलगी खाली वाकून बघत होती, तिच्याकडे त्याचं लक्ष गेलं की नाही, ते मी सांगू शकत नाही. त्यानं हात वर केला.

ढोल थांबले. तो तुकडा वाजलाच नाही.

मुलं क्षणभर गोंधळली. मग एकानं टिपरू कमरेला खोचलं, मग दुसऱ्यानं. बायकांनी बांगड्या पदरात घेतल्या. कुणीतरी पिशवीतून खडीसाखर काढली, म्हणजे न वाजवण्याची तयारी बायकांनी परवानगीच्या भरवशावर न राहता केलेलीच होती. अध्यक्ष हार हातात धरून गोंधळून उभे होते. मग आवाज नको म्हणून त्यांनीही पायऱ्यांवर चपला काढल्या.

मी घरी फोन लावला. आमच्या गॅलरीतून फाटकावरचे ढोल ऐकू येतात, त्यामुळे सुरुवात दादांनी ऐकली असणार आणि गॅलरीचं दार लावून घेतलं असणार. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन उचलला. मी काही न बोलता फोन खिडकीबाहेर धरला. खालून मिरवणूक चालली होती. चपलांचा आवाज मला येत होता, पण फोनला पोचण्याइतका नव्हता.

मग मी फोन कानाला लावला.

"अगं, बोल की," दादा म्हणत होते. "काईच ऐकू येईना."

"तेच ऐकवतेय, दादा."

  खाली माझा भाऊ काठी घेऊन खिडकीपाशी आला होता.

"काठी?" त्यांनी विचारलं.

तांबडं फडकं खिडकीच्या खाली गेलं आणि पुढे जाऊन पुन्हा वर आलं. शेजारच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, की काठी तिच्यासाठी वाकली. मी तिला तारांबद्दल काही सांगितलं नाही.

"वाकवली," मी म्हणाले.

"बरं," दादा म्हणाले. "ठिव मग फोन. पातेलं चढवतो."